आधी उजवीकडे, मग डावीकडे

आपल्याकडे वाहनं डाव्या बाजूने चालतात, म्हणून रस्ता ओलांडताना आधी उजवीकडे, मग डावीकडे, पुन्हा उजवीकडे बघायचं, हे पहिलीतलं पोरही घडाघडा म्हणतं. पण तक्त्यावरच्या रस्त्यात उलटा घुसणारा स्कूटरवाला नसतो ना! पुण्यात जंगली महाराज रस्ता एकेरी, तरी मान दोन्हीकडे वळवावीच लागते. म्हणून मला वाटतं, हा धडा वर्गात नकोच, रस्त्यावर द्यावा. उभ्या गाडीआड पोराच्या उंचीला खाली बसून बघा: त्याला रस्ता दिसत नाही, ड्रायव्हरला तो दिसत नाही. शिवाय गाडीचा वेग लहान मुलांना नीट जोखता येत नाही. तोवर नुसतं ‘बघून जा रे’ म्हणून भागत नाही, हात धरायचा. आजी-आजोबांनो, भाजीची पिशवी दुसऱ्या हातात!