छोटी विजेरी मोटार केव्हा येणार?

जपानमधील सुझुकी कंपनीने २०२५ च्या ऑक्टोबर महिन्यात टोकियोच्या मोटार प्रदर्शनात विजेवर चालणारी एक लहानशी मोटार मांडली. 'व्हिजन ई-स्काय' हे तिचे नाव. रूपाने ती आपल्याकडच्या वॅगन-आरची धाकटी बहीण शोभावी अशी. एकदा बॅटरी भरली की २७० किलोमीटरांहून अधिक अंतर ती कापेल असे कंपनीचे म्हणणे असून २०२६-२७ या आर्थिक वर्षात तिचे प्रत्यक्ष उत्पादन सुरू करण्याचा मानसही कंपनीने बोलून दाखविला आहे. प्रदर्शनात ती आली ती जपानच्या 'केई' वर्गातील, म्हणजे तिथल्या कायद्याने ठरवून दिलेल्या लहान मापाची गाडी म्हणून. असे असूनही तिची छायाचित्रे पाहून आपल्याकडच्या असंख्य मध्यमवर्गीयांनी एकच प्रश्न विचारला: ही आपल्याकडे केव्हा येणार?

हा प्रश्न उतावळेपणाचा आहे असे कोणी म्हणू नये. तो विचारणाऱ्यांना या वाटेवर पूर्वी एकदा हुलकावणी मिळालेली आहे. २०१८ च्या सप्टेंबरात दिल्लीच्या परिषदेत सुझुकीचे तत्कालीन अध्यक्ष ओसामू सुझुकी यांनी विजेवरच्या पन्नास नमुना-गाड्यांची भारतीय रस्त्यांवर चाचणी घेण्याची आणि २०२० च्या सुमारास अशी गाडी बाजारात आणण्याची घोषणा केली होती. त्या पन्नास गाड्या वॅगन-आरच्याच होत्या. त्या धावल्या, लोकांनी पाहिल्या, वर्तमानपत्रांतून झळकल्या आणि मग दिसेनाशा झाल्या. बॅटरीची किंमत धरता गाडी सामान्य ग्राहकाच्या आवाक्यात बसत नाही, हे कारण पुढे करण्यात आले. कारण खोटे नव्हते. पण त्यानंतर याच कंपनीने भारतात विजेवरची पहिली मोटार बनविली ती कोणती? २६ ऑगस्ट २०२५ रोजी गुजरातेतील हंसलपूरच्या कारखान्यातून पंतप्रधानांच्या हस्ते जिला निरोप देण्यात आला, ती ई-विटारा ही चांगली ऐसपैस, उंच बांध्याची गाडी. शंभरांहून अधिक देशांना ती निर्यात व्हावयाची आहे. १४ डिसेंबर १९८३ रोजी ज्या कंपनीने पन्नास हजारांच्या आसपास किंमत असलेली मारुती ८०० देऊन स्कूटरवरच्या कुटुंबाला छपराखाली आणले, तिने विजेच्या युगाचा आरंभ मात्र दुसऱ्या टोकाकडून केला आहे.

एकट्या मारुतीला बोल लावून भागणार नाही. देशातील जवळजवळ सर्वच मोटार कारखानदार आज उंच, रुंद आणि वजनदार गाड्यांच्या मागे लागले आहेत, कारण नफा तेथे आहे. छोट्या हॅचबॅक गाडीवर कारखानदाराला सुटणारी रक्कम मुळातच बेताची. त्यात बॅटरीचा भार पडला की ती पुसून जाते.

हे बॅटरीचे गणित वाचकांनी एकदा नीट पाहावे. बॅटरीची क्षमता किलोवॅट-तासांत मोजतात; एक किलोवॅट-तास म्हणजे आपल्या वीजबिलावरचे एक युनिट. २०१० साली एका युनिटची साठवण करणाऱ्या बॅटरीला एक हजार डॉलरांहून अधिक खर्च येत असे. २०२४ साली जागतिक सरासरी ११५ डॉलरांपर्यंत उतरली. उतार डोळे दिपविणारा आहे यात शंका नाही. परंतु छोट्या मोटारीला निदान चोवीस युनिटांची बॅटरी हवी असे धरले, तर याही भावाने तिचा खर्च सव्वादोन-अडीच लाख रुपयांच्या घरात जातो. आणि २०२५ च्या सप्टेंबरातील करकपातीनंतर पेट्रोलवरची एस-प्रेसो ही अख्खी गाडी साडेतीन लाखांच्या आसपास मिळू लागली! एका गाडीच्या नुसत्या पोटातला ऐवज दुसऱ्या संपूर्ण गाडीच्या दोन-तृतीयांश किमतीचा असेल, तर तेथे कारखानदाराची देशभक्ती अगर पर्यावरणप्रेम किती पुरे पडणार?

तरी प्रयत्न झालेच नाहीत असे नाही. बंगळुरूच्या 'रेव्हा'ने २००१ सालीच हे धाडस केले होते. शिशाच्या जड बॅटऱ्या आणि खेळण्यासारखा देह घेऊन ती गाडी लंडनच्या रस्त्यांपर्यंत पोचली. आपल्याकडे मात्र ती कुतूहलाचाच विषय राहिली. २०१० मध्ये महिंद्रांनी ती कंपनी घेतली, २०१३ मध्ये 'ई२ओ' आणली, आणि तीही यथावकाश मावळली. खऱ्या अर्थाने सर्वसामान्यांपुढे ठेवता येईल अशी पहिली विजेरी हॅचबॅक म्हणजे टाटांची टियागो. २८ सप्टेंबर २०२२ रोजी ती आली तेव्हा तिची प्रारंभिक किंमत ८ लाख ४९ हजार होती. २०२४ च्या फेब्रुवारीत ती आठ लाखांच्या किंचित आत आणण्यात आली. पाठोपाठ २०२३ च्या एप्रिलात एमजी कंपनीची दोन दारांची चिमुकली कॉमेट ७ लाख ९८ हजारांना आली. पुढे बॅटरीचे पैसे वेगळे करून, ग्राहकाने गाडी विकत घ्यावी आणि बॅटरीचे भाडे दर किलोमीटरमागे द्यावे, अशीही तोड काढण्यात आली. त्या हिशेबाने कॉमेटची किंमत पाच लाखांखाली दिसू लागली. 'दिसू लागली' असे आम्ही मुद्दाम म्हणतो, कारण घर आपले आणि पाया भाड्याचा, असा हा व्यवहार आहे.

चीनमध्ये काय घडले? वुलिंग कंपनीची 'होंगुआंग मिनी' ही गाडी २०२० च्या जुलैत २८,८०० युआनना, म्हणजे त्या वेळच्या सुमारे तीन लाख रुपयांना विकावयास आली आणि तिने धुमाकूळ घातला. आपल्याकडची कॉमेट ही तिच्याच घराण्यातली. तेथील बीवायडी कंपनीची 'सीगल' ही अधिक भारदस्त हॅचबॅक २०२३ च्या एप्रिलात ७३,८०० युआनना आली. हे स्वस्ताईचे कोडे फारसे गहन नाही. बीवायडी आपल्या बॅटऱ्या आपणच बनविते. खनिज शुद्ध करण्यापासून चाकावर गाडी उभी करण्यापर्यंतची साखळी चीनने दहा-पंधरा वर्षे खपून, सरकारी पैसा ओतून उभी केली. २०२५ च्या एप्रिलात चीनने दुर्मीळ धातूंच्या चुंबकांची निर्यात आवळली, तेव्हा ही साखळी दुसऱ्याच्या हाती असण्याचा अर्थ आमच्या कारखानदारांना कळून चुकला. आपण २०२१ साली देशी बॅटरी-सेलच्या उत्पादनासाठी १८,१०० कोटींची योजना केली. ती आपल्या वेळापत्रकाच्या फार मागे पडली.

आता सरकारी धोरणाकडे पाहू. विजेरी मोटारीवर वस्तू-सेवा कर पाच टक्के आहे. २०१९ च्या ऑगस्टपासूनची ही सवलत उत्तमच. पण ती आठ लाखांच्या टियागोला जितकी, तितकीच सत्तर लाखांच्या परदेशी घाटाच्या विजेरी गाडीलाही! बंगल्याच्या दारी तिसरी गाडी उभी करणाऱ्याला सार्वजनिक तिजोरीने हातभार लावावा, याचे समर्थन कसे करावयाचे? २०२४ च्या मार्चमध्ये केंद्राने आणखी एक योजना जाहीर केली. ४,१५० कोटी रुपये गुंतविण्याचे वचन देणाऱ्या परदेशी कंपन्यांना काही गाड्या पंधरा टक्के जकातीवर आयात करण्याची मुभा तीत आहे. अट एवढीच, की गाडीची किंमत किमान ३५,००० डॉलर असावी. म्हणजे सवलतीला पात्र ठरण्यासाठी गाडी महाग असावयास हवी. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून सुरू झालेल्या १०,९०० कोटींच्या 'पीएम ई-ड्राइव्ह' योजनेत दुचाकी आहेत, तीनचाकी आहेत, बस आणि मालमोटारी आहेत. घरगुती मोटार नाही. बसला अग्रक्रम दिला याबद्दल आमची तक्रार नाही, तो योग्यच आहे. पण एका हाताने छोट्या विजेरी गाडीला वगळावयाचे आणि दुसऱ्या हाताने, २२ सप्टेंबर २०२५ पासून, छोट्या पेट्रोल गाडीवरचा कर अठ्ठावीसवरून अठरा टक्क्यांवर आणावयाचा, यात मेळ कोठे आहे? ही कपात सामान्य ग्राहकाला हवी होती आणि तिचे स्वागतच झाले. मात्र तिच्यामुळे पेट्रोलची टियागो आणि विजेची टियागो यांच्यातील दरी रुंदावली. पेट्रोलवरची गाडी साडेचार लाखांच्या पुढे सुरू होते, विजेवरची आठाला टेकते. ही साडेतीन लाखांची दरी ओलांडण्याचे बळ ज्याच्या अंगी नाही, तोच तर या गाडीचा खरा वाली.

येथे नॅनोची आठवण अटळ आहे. १० जानेवारी २००८ रोजी रतन टाटा यांनी एक लाखाची गाडी जगापुढे ठेवली तेव्हा देशाचा ऊर भरून आला होता. सिंगूरहून साणंदला झालेली तिची फरफट सर्वांना ठाऊक आहे. पण ती केवळ त्यामुळे बुडाली नाही. 'सर्वांत स्वस्त' ही तिची ख्याती तिच्या मुळावर आली, हे पुढे खुद्द टाटांनीच मान्य केले. आपल्या माणसाला परवडणारी गाडी हवी असते. परवडते म्हणून घेतली असे शेजाऱ्याने म्हटलेले मात्र त्याला खपत नाही. विजेची छोटी गाडी बनविणाऱ्यांनी हा धडा विसरून चालणार नाही. चार धट्टीकट्टी माणसे, पावसाळ्यात बंद काचांआड चालणारा वातानुकूलक आणि चवथीच्या बाजाराच्या पिशव्या, एवढे सामावून घेणारी गाडी हवी. जपानमध्ये निसानची 'साकुरा' अवघ्या वीस युनिटांच्या बॅटरीवर त्या देशातील सर्वाधिक खपाची विजेरी मोटार ठरली, ती लहान असूनही केविलवाणी नाही म्हणूनच.

आणि अशा गाडीला गोव्याइतकी अनुकूल भूमी देशात क्वचितच सापडेल. पत्रादेवीपासून पोळेपर्यंत हे राज्य शंभर-सव्वाशे किलोमीटरांत संपते. म्हापशाहून पणजीस नोकरीला जाणारा, फोंड्याहून मडगावला दुकान उघडावयास जाणारा माणूस दिवसाला चाळीस-पन्नास किलोमीटरांपलीकडे सहसा जात नाही. मुंबईकराला गाडी भरावयाची कोठे ही विवंचना; आपल्याकडे खेड्यापाड्यांत अजून घराला अंगण आहे, आणि पंधरा अँपिअरचे एक बटण अंगणात आणले की रात्रभरात गाडी भरते. महिन्याला हजार किलोमीटर धावणाऱ्या छोट्या पेट्रोल गाडीला पंचावन्न लिटर पेट्रोल लागेल असे धरा. तेवढ्याच प्रवासाला विजेरी गाडीस एकशेतीस-चाळीस युनिटे पुरतात. युनिटला सहा रुपये मोजले तरी साडेआठशे रुपयांच्या आत काम भागते. पेट्रोलचा हिशेब वाचकांनी आपल्या पावतीवरून स्वतःच करावा.

राज्य सरकारनेही याबाबत मोठी स्वप्ने पाहिली आहेत. २०२३ च्या जुलैत मुख्यमंत्री प्रमोद सावंत यांनी, २०२४ च्या जानेवारीपासून नव्याने येणारी पर्यटकांसाठीची भाड्याची वाहने विजेवरचीच असतील, असे जाहीर केले. कल्पना चांगली होती. पण भाड्याने गाड्या देणारा कळंगुट-बागेचा धंदेवाईक स्वस्तातली स्वस्त हॅचबॅक घेतो. त्याचे पोट त्या फरकावर चालते. अशी विजेरी गाडी बाजारातच नसेल तर मंत्र्याच्या घोषणेने ती उगवत नाही. पर्यटकालाही दोन दिवसांत दूधसागर आणि पाळोळे दोन्ही गाठावयाचे असते. वाटेत वीज भरण्याची खात्री नसेल तर तो ती गाडी घेणार नाही.

आणखी एक गोष्ट बोलावयास हवी, अप्रिय असली तरी. गोव्याची बहुतेक वीज बाहेरून, कोळशावर चालणाऱ्या दूरच्या केंद्रांतून येते. तमनारच्या वीजवाहिनीसाठी मोलेच्या अरण्यातील झाडांवर कुऱ्हाड पडणार म्हणून २०२० साली येथे तरुण पिढी रस्त्यावर उतरली होती, आणि ते योग्यच होते. उद्या प्रत्येक अंगणात रात्री एक गाडी वीज पिऊ लागली तर ती वीज कोठून आणावयाची, याचे उत्तर आजच शोधले पाहिजे. जून महिन्यात माडाची एक झावळी तारेवर पडली की अर्धा वाडा अंधारात जातो. अशा वेळी सकाळी कामावर जाणाऱ्याची गाडी रिकामी उभी राहणार असेल, तर पेट्रोलवाला शेजारी त्याला हसेल आणि पुढची दहा गिऱ्हाइके मागे फिरतील. घराच्या कौलांवर सौर पट्ट्या, रात्रीच्या विजेला वेगळा स्वस्त दर आणि जमिनीखालून नेलेल्या वाहिन्या, ही कामे वीज खात्याची आहेत, सुझुकीची किंवा टाटांची नव्हेत.

केंद्राकडे आमची मागणी एवढीच, की पाच टक्क्यांची सवलत गाडीच्या किमतीप्रमाणे पायऱ्यापायऱ्यांनी लावावी. दहा लाखांखालच्या गाडीला कर नसला तरी चालेल; पन्नास लाखांवरच्या गाडीने पेट्रोलवाल्याइतकाच भरावा. त्यातून जमणारा पैसा चार मीटरांहून आखूड विजेरी गाडीच्या बॅटरीवर खर्च व्हावा. मारुती ८०० जन्मली तेव्हा सरकार स्वतः त्या कंपनीचे मालक होते आणि छोटी गाडी हे त्याचे उघड उद्दिष्ट होते. आज सरकारने कारखाना चालवावा असे कोणी म्हणणार नाही, पण उद्दिष्ट तरी ठरवावे. नाही तर टोकियोच्या प्रदर्शनातील ती गाडी दोन-तीन वर्षांनी आपल्याकडे आलीच, तर बारा लाखांची होऊन येईल, आणि पेडण्याचा शिक्षक आपल्या पत्नीस व दोन मुलांस घेऊन त्याही पावसाळ्यात स्कूटरवरच रेनकोट चढवीत असेल.