चिखलावरची सोनेरी साय

मुंबईच्या हार्बर लोकलने मानखुर्द सोडलं की गाडी ठाण्याच्या खाडीवरच्या पुलावर येते. ओहोटीची वेळ असेल तर खिडकीतून दिसतो फक्त चिखल. "शी, काय हा चिखल!" असं म्हणत कुणीतरी तोंड फिरवतं. पण हिवाळ्यात त्याच चिखलावर गुलाबी पक्ष्यांचे थवेच्या थवे माना खाली घालून काहीतरी टिपत असतात. एवढ्या लांबून हे पाहुणे येतात, ते इथे खातात तरी काय?

उत्तर त्या चिखलावरच आहे. ओहोटीच्या वेळी ऊन पडलं की चिखलाचा रंग बदलतो. करडा पृष्ठभाग हळूहळू सोनेरी-तपकिरी होतो, दुधावर साय धरावी तसा. ही साय म्हणजे जिवंत शैवाल. त्यात मुख्यतः असतात डायटम नावाच्या एकपेशीय वनस्पती. नुसत्या डोळ्यांनी एकेकटी दिसत नाही, पण प्रत्येकीभोवती काचेसारख्या सिलिकाची नक्षीदार डबी असते.

गढूळ चिखलात ऊन जेमतेम दोन-तीन मिलिमीटर आत शिरतं. त्यामुळे पाणी ओसरलं की या डायटम चिखलातून सरकत वर येतात, उन्हात अन्न तयार करतात आणि भरती यायच्या सुमारास पुन्हा खाली जातात. असा चिखल प्रयोगशाळेत आणून ठेवला, जिथे भरती नाही की ओहोटी नाही, तरीही काही जाती पुढचे काही दिवस खाडीचंच वेळापत्रक पाळत वर-खाली करत राहतात!

सरकताना त्या एक चिकट द्रव सोडतात. त्याने चिखलाचे कण एकमेकांना धरून राहतात. साय जिथे चांगली धरलेली असते, तिथला चिखल लाटांनी सहजासहजी वाहून जात नाही. आणि हाच चिकट द्रव जिवाणूंचं, छोट्या कृमींचं खाद्यही असतो.

खाडीत सगळ्यांचं पोट कांदळवनाच्या गळलेल्या पानांवर भरतं, असं आपल्याला वाटतं. ते अर्धंच खरं आहे. पानं भरपूर पडतात, पण ती चिवट आणि तुरट असतात, त्यांत नत्रही कमी. ती कुजून मऊ व्हायला वेळ लागतो. उलट डायटम म्हणजे ताजं, मऊ, पचायला हलकं जेवण. कुणी काय खाल्लं हे शास्त्रज्ञ प्राण्याच्या मांसातल्या कार्बनवरून ओळखतात, कारण पानांतल्या आणि शैवालातल्या कार्बनची 'सही' वेगवेगळी असते. जगभरच्या अनेक खाड्यांत गोगलगायी, शिंपले, कोळंबी आणि लहान माशांच्या अंगात या सायीची सही ठळकपणे सापडली आहे. काही खाड्यांमध्ये तर तिथे तयार होणाऱ्या एकूण वनस्पती-अन्नापैकी जवळपास निम्मं ही पातळ साय एकटी तयार करते.

आपली कोकणातली निवटी आठवते? चिखलावर टुणटुण उड्या मारणारा, डोळे वर काढलेला तो मासा. ओहोटीला चिखलावर तोंड टेकवून तो डोकं डावीकडे-उजवीकडे हलवत जातो, जणू पोछाच मारतोय. तो ही साय खरवडून खात असतो. बोय मासाही चिखलाचा वरचा थर तोंडात घेऊन त्यातलं शैवाल खातो. मासे खा, ओमेगा-३ मिळतं, असं डॉक्टर सांगतात. पण ते माशांच्या पोटात येतं मुख्यतः शैवालातून. डायटम त्याचे मोठे कारखानदार.

आता आपल्या गुलाबी पाहुण्यांकडे वळू. छोटा रोहित, म्हणजे लेसर फ्लेमिंगो, चोच उलटी करून पाण्यात बुडवतो. जीभ पंपासारखी पुढे-मागे होते आणि चोचीतल्या बारीक चाळणीत पाण्यातलं आणि चिखलावरचं शैवाल अडकतं. त्याच्या पिसांचा गुलाबी रंगही या शैवालातल्या रंगद्रव्यांचाच. पिल्लू जन्मतं ते करड्या रंगाचं. कॅनडात फ्रेझर नदीच्या मुखाशी तर चिमुकले तुतवार पक्षी केसाळ जिभेने ही साय चक्क चाटून खातात, हे २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं. त्याआधी ते फक्त किडे टिपतात असाच समज होता.

ठाण्याच्या खाडीचा काही भाग २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये त्याला रामसर दर्जा मिळाला. हे चांगलंच झालं. पण पक्षी दिसतो म्हणून त्याची काळजी घेतली जाते, साय दिसत नाही. कांदळवन तोडलं तर निदान कुणी ओरडतं तरी. मोकळ्या चिखलावर मातीचा भराव टाकला तर "रिकामी जागा कामी आली" असं म्हणतात. सांडपाणी बेसुमार वाढलं की दुसरंच हिरवं शेवाळ माजतं, चादरीसारखं पसरतं आणि खालच्या सायीचं ऊन अडवतं. साय गेली की निवटी उपाशी, निवटी गेली की बगळा उपाशी, आणि कोळणीची पाटीही रिकामी.

मुलांना हे दाखवायचं असेल तर एक सोपा प्रयोग करा. खाडीकाठचा वरवरचा थोडा चिखल पसरट काचेच्या भांड्यात घ्या. मात्र मोठं माणूस सोबत हवं, काठावरूनच घ्या, आत उतरू नका, आणि नंतर हात साबणाने धुवा. वर बोटभर खाडीचंच पाणी घालून भांडं खिडकीत उजेडात ठेवा. काही दिवसांत चिखलावर तपकिरी थर धरू लागेल, कदाचित त्यावर प्राणवायूचे बारीक बुडबुडेही दिसतील.

तुम्ही कोचीत असा, कोलकात्यात असा की रत्नागिरीत, समुद्राला मिळणाऱ्या नदीकाठी ओहोटीला असा चिखल उघडा पडतोच. पुढच्या वेळी तोंड फिरवण्याआधी क्षणभर थांबून पाहा. तिथे कुणाचं तरी ताट वाढलेलं असतं.