वस्तरा कोणाच्या हाती?

पाच पात्यांच्या प्लॅस्टिकी रेझरला कंटाळून सुशिक्षित मंडळी हल्ली एका पात्याच्या जुन्या सेफ्टी रेझरकडे, ब्रशाकडे आणि वाटीतल्या साबणाकडे वळू लागली आहेत. यास आमचा विरोध नाही. धातूचा रेझर वर्षानुवर्षे टिकतो, बदलायचे ते केवळ एक स्वस्त पाते. काटकसर म्हणून ही निवड शहाणपणाचीच म्हणावी लागेल. आमचा आक्षेप आहे तो या हौसेस चिकटवल्या जाणाऱ्या 'पारंपरिक' या विशेषणाला.

ही परंपरा कोणाची? किंग कॅम्प जिलेट यास या रेझरचे अमेरिकी पेटंट मिळाले ते १९०४ साली. धार न लावता फेकून द्यावयाचे पाते हेच त्याचे नावीन्य होते. म्हणजे ज्या 'वापरा आणि फेका' वृत्तीवर रुसून ही मंडळी मागे वळतात, तिचे एक मूळ त्यांच्याच हातात असते.

आमच्या दुधनीच्या परिसरात, आणि एकूणच मराठी मुलखात, दाढी ही प्रायः दुसऱ्याच्या हातून करवून घेण्याची गोष्ट होती. न्हावी हा बलुतेदार. धोकटीत वस्तरा, वाटी आणि आरसा घेऊन तो घरोघर जाई व सुगीला धान्य घेई. दलितांच्या दाढीस मात्र त्या वस्तऱ्याची मनाई असे. ज्याने सर्वांची हनुवटी राखली त्याला भाषेने काय दिले? 'रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी' ही म्हण, आणि फजितीला 'बिनपाण्याने हजामत' हे नाव! परंपरेचा गौरव करणाऱ्यांनी हा वारसाही स्वीकारावा.

याच परंपरेत उजळ स्थळेही आहेत, परंतु ती स्नानगृहातील फडताळावर सापडणार नाहीत. वारकरी संतांत सेना न्हावी आहेत. त्यांनी आपल्या धंद्यातील अवजारांनाच अभंगात अध्यात्माचा अर्थ दिला. दुधनीची वेस ओलांडली की कर्नाटक लागते. तेथील नाभिक समाज बसवण्णांचे सहकारी, बाराव्या शतकातील वचनकार हडपद अप्पण्णा यांना आपले मानतो. आणि १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हाव्यांनी सभा घेऊन विधवांचे केशवपन न करण्याचा निर्धार केला. आमच्या मते या परंपरेचा सर्वांत तेजस्वी क्षण वस्तरा खाली ठेवण्याचा आहे.

सेफ्टी रेझरचे खरे मोल त्याच्या आधुनिकतेत आहे. जातीची परवानगी न मागता कोणासही आपली दाढी आपण करता यावी, ही सोय त्याने सुलभ केली. त्याला प्राचीनतेचा मुलामा देणे म्हणजे त्याचे हे श्रेय हिरावून घेणे होय.

जुने जिवंत पाहावयाचे असेल तर सलूनमध्ये जावे. रोगसंसर्गाच्या भीतीने धारेचा वस्तरा तेथून बव्हंशी गेला. त्याच्याच घडणीच्या मुठीत आता सेफ्टी रेझरचे पाते अर्धे मोडून बसवतात व गिऱ्हाइकागणिक बदलतात. हात तोच, कौशल्य तेच. गौरवलेखांत मात्र त्या हाताचा उल्लेख नसतो.

साहित्याच्या विद्यार्थ्यांना व अध्यापकांना आमची विनंती एवढीच, की ग्रंथात असो वा न्हाणीघरात, 'पारंपरिक' हा शब्द भेटला की त्यामागे राबणारा हात कोणाचा होता हे आधी विचारावे. रेझर खुशाल वापरावा; विशेषण तेवढे जपून.