एज्युकेशनमध्ये पाचही व्हॉवेल असतात. बरं, मग?

मागच्या महिन्यात चार दिवस वर्ध्याला ताईकडे जाऊन आलो. चहा होतो न होतो तोच चौथीतली भाची वही घेऊन हजर. "मामा, तू कम्प्युटरवाला आहेस नं? मग सांग नं."

होमवर्क असा: टी, आर आणि ए ही तिन्ही अक्षरं असलेले वीस इंग्रजी शब्द लिहा. ट्रेन, स्टार, वॉटर, टीचर, ट्रॅक्टर... दहाबारा तिने स्वतःच काढले होते, पुढे गाडी अडली होती. आता हे इंजिनियर माणसाला विचारायचं म्हणजे काय! लॅपटॉप उघडला. लिनक्सच्या बऱ्याच मशीनवर इंग्रजी शब्दांची एक साधी फाइल असते, एका ओळीत एक शब्द. तिच्यावर तीनदा ग्रेप चालवला. आधी टी असलेले शब्द, त्यांतले आर असलेले, त्यांतले ए असलेले. संपलं काम. भाची खूश, मामा त्याहून खूश.

तिने यादीतून 'ग्रॅटिट्यूड' उतरवून घेतला. स्पेलिंग बिनचूक. मी सहज विचारलं, "म्हणजे काय गं?"

"अर्थ नाही विचारला नं मामा. फक्त शब्द लिहायचे आहेत."

बरोबरच होतं तिचं. जे विचारलं, ते तिने केलं. माझ्या ग्रेपनेही तेच केलं होतं, आणि ग्रेपला तर इंग्रजी अजिबात येत नाही.

रात्री ताईने विषय काढला. भाऊजींची कापूस-तुरीची शेती. कापूस विकला की फीचा हप्ता भरायचा, असं घरात ठरलेलं. ती म्हणाली, "स्पेलिंगमध्ये पैकीच्या पैकी आणते. पण गणिताचं उदाहरण इंग्रजीत आलं की बेरीज करायची की वजाबाकी, हेच समजत नाही तिला. मराठी शाळेत घालू का रे? पण लोक काय म्हणतील?"

तेव्हा मी काही बोललो नाही. आज बोलतो.

अक्षरांवरून शब्द शोधता येणं म्हणजे भाषा येणं नव्हे. पटत नसेल तर न्यूझीलंडच्या नायजेल रिचर्ड्सचं उदाहरण घ्या. 2015 साली हा गडी फ्रेंच भाषेतल्या स्क्रॅबलचा जगज्जेता झाला. त्याला फ्रेंच बोलता येत नव्हतं! काही आठवड्यांत त्याने फ्रेंच शब्दांची यादी डोक्यात भरली आणि मैदान मारलं. 2024 मध्ये स्पॅनिशमध्येही तोच पराक्रम केला. थोर माणूस, दंडवत. पण पॅरिसमध्ये रस्ता विचारायची वेळ आली तर ती यादी त्याच्या काय कामाची? तो निदान जाणून होता की आपण खेळतोय. आपल्या शाळा हाच खेळ इंग्रजी म्हणून विकतात आणि आईबाप कापूस विकून तो विकत घेतात.

आणि हे कुठे, तर वर्ध्यात! 22 आणि 23 ऑक्टोबर 1937 ला याच गावात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली होती. सात वर्षं मोफत आणि सक्तीचं शिक्षण, ते मातृभाषेतून, आणि हाताने करायच्या एखाद्या उत्पादक कामाभोवती गुंफलेलं, असे ठराव झाले. मग झाकीर हुसेन समितीने अभ्यासक्रम आखला. हीच ती वर्धा योजना, म्हणजे नई तालीम. मूल टकळीवर सूत काततं तेव्हा कापूस, हिशेब, भूगोल एकमेकांत मिसळून येतात, ही त्यामागची कल्पना. ते मॉडेल जसंच्या तसं आज चालेल असं मी म्हणत नाही. पण गांधीजी इंग्रजीचे शत्रू होते म्हणून हे सुचलं, असंही समजू नका. 'यंग इंडिया' आणि 'हरिजन'मध्ये ते स्वतः इंग्रजीत लिहीत. मुद्दा क्रमाचा होता: आधी समज, मग दुसरी भाषा.

महाराष्ट्रात 2000 साली पहिलीपासून इंग्रजी आलं. येऊ दे की, एक विषय म्हणून छानच. पण सगळे विषय न समजणाऱ्या भाषेत शिकवायचे आणि भरपाई म्हणून स्पेलिंगचे खेळ द्यायचे, याला काय म्हणायचं? "पाचही व्हॉवेल असलेला शब्द सांगा" हा आपल्या लहानपणापासूनचा प्रश्न. उत्तर ठरलेलं: एज्युकेशन. पाची व्हॉवेल हजर, मुलांना समजतं का हा प्रश्नच गैरहजर.

कोडी वाईट असतात का? मुळीच नाही, मी स्वतः कोड्यांचा किडा आहे. निघायच्या आदल्या दिवशी भाचीला एक घातलं. तीन अक्षरी शब्द. पहिलं अक्षर काढलं तर फळ्याजवळ बाई देतात ती आज्ञा. मधलं काढलं तर गाईचं दूध जिथून येतं ती जागा. शेवटचं काढलं तर चाकू हातात घेऊन आई विचारते तो प्रश्न. पोरगी दहा मिनिटं अंगणात फेऱ्या मारत होती. 'पूस' तिला आधी सापडलं, मग 'कापू'. शेवटी ओरडली, "कापूस!" 'कास' मात्र भाऊजींनी गोठ्यात नेऊन दाखवली. हेही अक्षरांचंच कोडं, पण अर्थ कळल्याशिवाय सुटत नाही.

आता थोडं आपल्याबद्दल, म्हणजे पुण्या-बंगलोरात एसीत बसून हे वाचणाऱ्यांबद्दल. गावाकडचे लोक आपल्याकडे बघून शाळा निवडतात. "तो बघ, इंग्रजीमुळे कुठे पोचला." यातले माझ्यासारखे कितीतरी जण मराठी शाळेत शिकून, गणित मराठीत समजून घेऊन इथवर आलो. हे आपण गावी जाऊन सांगत नाही. उलट पोरांना स्पेलिंग विचारतो आणि चॉकलेट देतो!

काल ताईला फोन केला. म्हटलं, घाल मराठी शाळेत. इंग्रजीसाठी रोज अर्धा तास मी फोनवर बसतो, गोष्टी वाचू, बोलू. लोक काही म्हणाले तर माझं नाव सांग. ती म्हणाली, "रोज बसशील का पण?" प्रश्न रास्त आहे. वीकेंडला ब्लॉग लिहिण्यापेक्षा ते अवघड आहे.

असो. तुम्ही पुढच्या वेळी गावी जाल आणि एखादं पोरगं धडाधड स्पेलिंग म्हणून दाखवेल, तेव्हा टाळ्या वाजवा, चॉकलेटही द्या. फक्त त्याआधी एवढंच विचारा, "म्हणजे काय रे?"