कंपनीचा माल बदलेल, गावाचे काय?

कोल इंडियाचे थोडे शेअर माझ्याकडे आहेत, हे आधीच सांगतो. 2010 साली सरकारने या कंपनीतला दहा टक्के हिस्सा विक्रीस काढला, तेव्हा आपल्यातल्या नोकरदार घरांतूनही अर्ज गेले. त्यातला एक माझा. त्यामुळे कंपनी आता सौरऊर्जेत उतरते, कोळशाखेरीज इतर खनिजे शोधते, याचा मला आनंदच आहे. एकाच मालावर दुकान चालवू नये, हे कोणीही व्यापारी सांगेल.

पण ताळेबंदाला दोन बाजू असतात. 2010-11 मध्ये कंपनीने सुमारे 43 कोटी टन कोळसा काढला, 2024-25 मध्ये 78 कोटी टन. याच काळात कायम कामगार चार लाखांच्या आसपास होते, ते सव्वादोन लाखांच्या घरात आले. कोळसा वाढत असतानाही नोकऱ्या घटल्या. सौर प्रकल्प एकदा उभा राहिला की त्याला मोजकीच माणसे लागतात.

आपल्या राज्यातला छिंदवाडा जिल्हा पाहा. तिथे मराठी घरे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. पेंच-कन्हान भागातल्या कोल इंडियाच्या अनेक जुन्या भुयारी खाणी बंद झाल्या. कंपनीचा 100 मेगावॉटचा सौर प्रकल्प मात्र गुजरातेत, पाटण जिल्ह्यात. परासिया किंवा दमुआच्या तरुणाला त्यातून काय मिळणार?

खाण बंद करण्याच्या खर्चासाठी एस्क्रो खात्यात दरवर्षी रक्कम ठेवावी, असा नियम 2009 पासून आहे. ज्या कामासाठी पैसे ठेवले त्याच कामासाठी ते निघावेत, यासाठी असे खाते असते. आम्ही बँकवाले साध्या खातेदारालाही पासबुक भरून देतो. मग या खात्यात किती जमा झाले आणि किती खर्च झाले, हे त्या गावच्या पंचायतीच्या फळ्यावर का लागू नये?

दुसरी गोष्ट इंदूर विभागातलीच. अलीराजपूर जिल्ह्यातल्या छोटी खट्टालीच्या ग्रॅफाइट गटासाठी 2024 मध्ये कोल इंडियाची बोली पसंत झाली. बॅटरीला ग्रॅफाइट लागते, देशाला त्याची गरज आहे. पण हा भिल्ल-भिलालांचा मुलूख आहे. 1996 च्या पेसा कायद्याने इथल्या ग्रामसभेला अधिकार दिले आहेत. ग्रामसभेशी बोलणे आधी व्हावे, यंत्रे मागून यावीत.

म्हणून आपल्या खासदार-आमदारांकडे तीन मागण्या कराव्यात, असे मला वाटते. बंद खाणींच्या जमिनीवर शक्य तिथे सौर प्रकल्प आणावेत. तिथल्या मुलांना त्या कामाचे प्रशिक्षण मिळावे. आणि एस्क्रो खात्याचा हिशेब गावासमोर मांडावा.

माझा लाभांश दरवर्षी न मागता खात्यात येतो. ज्यांच्या गावाखालून कोळसा निघाला, त्यांना मात्र आपले देणे मागावे लागते. निदान ते मागताना आपण त्यांच्या बाजूने उभे राहू.