चूक त्यांची, झेरॉक्स आमची

वांद्रे स्टेशनला पूर्वेला उतरा. रुळांना चिकटून गरीबनगर, बेहरामपाडा. तिथून चालत सुटा. म्हाडाचं गृहनिर्माण भवन, झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण, उपनगर जिल्ह्याची कलेक्टर कचेरी, सगळं पायी गाठता येतं. झोपडीत कोण राहतो, कधीपासून राहतो, जमीन कुणाची, या साऱ्याचा निकाल इथल्या टेबलांवर लागतो. आणि ज्यांचा निकाल लागायचा ती माणसं इथंच, कचेऱ्यांच्या आसपास. तरी त्यांना आपण आहोत हे शाबीत करायला फाईल बगलेत मारून लायनीत उभं राहावं लागतं.

का? कारण रेशनकार्डावर कांबळे, मतदार यादीत कांबळी, आणि आधारवर इंग्रजी स्पेलिंगात एक अक्षर जास्त. बाईचं नाव एकीकडे माहेरचं, दुसरीकडे सासरचं. माणूस एक, नोंदी तीन. तिन्ही सरकारनेच केलेल्या. चुकला लिहिणारा. दंड कुणाला? जिचं नाव चुकलं तिला. तिने खाडा करायचा, अ‍ॅफिडेव्हिट करायचं, झेरॉक्स काढायच्या, दलालाला चहा पाजायचा. तरी यादीत शेरा ठरलेला : अपात्र.

दोस्तहो, साहेब म्हणतील, एवढा मोठा कारभार, चुका व्हायच्याच. साफ खोटं! याच वांद्र्यात बीकेसीच्या काचेच्या इमारती बघा. शेअर बाजार तिथं, बँका तिथं. एका गिऱ्हाइकाची दोन खाती दोन नावांनी पडली तर ती शोधून एक करायला पगारी माणसं ठेवलेली आहेत. चूक कुठल्या टेबलावर झाली, कुणी केली, कधी केली, सगळं कॉम्प्युटरमध्ये राहतं. म्हणजे नोंद साफ ठेवायची अक्कल या शहरात आहे. पैशाची नोंद आली की ती अक्कल जागी असते. झोपडीवाल्याची नोंद आली की घोरायला लागते.

हा इतिहास जुना आहे. ४ जानेवारी १९७६ ला झोपड्यांची गणती झाली, फोटोपास वाटले. १९८१ मध्ये अंतुले सरकारने फुटपाथवरच्या माणसांना गाड्यांत कोंबून शहराबाहेर काढायला सुरुवात केली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९८५ च्या निकालात न्यायालयाने जगण्याच्या हक्कात पोट भरण्याचा हक्क येतो असं मान्य केलं, पण पर्यायी जागेचं वचन १९७६ च्या गणतीत सापडलेल्यांना. म्हणजे गणती करणारा ज्याच्याकडे पोचलाच नाही, त्याचं काय? तो कागदावर नव्हता, म्हणून फुटपाथवरही नव्हता! पुढे १ जानेवारी १९९५ ची तारीख आली, मग २०००, मग पैसे भरून घर देण्यासाठी २०११. दर तारखेला तोच माणूस नव्याने शाबीत करायचा.

मधेच बस्तीला आग लागते. गरीबनगरात २०११ ला लागली, २०१७ ला लागली. आगीत पत्र्याच्या पेटीतली कागदं जळतात. पण कचेरीतली मूळ नोंद कुठं जळली? तीच बाहेर काढा की! नाही. तुम्हीच आणा.

आता देशाकडे बघा. २०११ च्या सामाजिक-आर्थिक गणतीत जात विचारली. महाराष्ट्र सरकारने ती आकडेवारी मागितली तेव्हा २०२१ मध्ये केंद्राने सर्वोच्च न्यायालयात सांगितलं : महाराष्ट्रात यादीतल्या जाती ४९४, गणतीत निघाल्या ४,२८,६७७. कशा निघाल्या? गणती करणाऱ्याच्या हातात जातींची पक्की यादीच दिली नव्हती. ज्याने जसं ऐकलं तसं लिहिलं. एका जातीची दहा स्पेलिंगं, दहा जाती. मग म्हणाले, माल खराब, बाहेर काढता येत नाही. अरे, खराब केला कुणी? आधी नोंद बिघडवायची, मग बिघडली म्हणून हक्क दाबायचा!

काही शहाणे विचारतील, बोगस नावं नाहीत का? एकेकाच्या चार झोपड्या नाहीत का? आहेत. पण घाणेरडी नोंद हे दलालाचंच भांडवल आहे. यादीत गोंधळ असतो म्हणून त्यात नाव घुसवता येतं, नाव उडवताही येतं. नोंद साफ झाली तर पहिला उपाशी मरेल तो दलाल. धुणीभांडी करणारी बाई नव्हे.

आणि नोंद साफ कशी होते हे आमच्याच बायांनी दाखवलंय. १९८५ मध्ये भायखळ्याच्या बाजूच्या फुटपाथवरच्या हजारो कुटुंबांची मोजणी स्पार्क संस्थेने तिथल्याच माणसांना सोबत घेऊन केली. सरकारच्या कागदात जे दिसत नव्हते ते मोजले गेले. ज्याची नोंद आहे तो समोर असला की चूक तिथंच पकडली जाते.

म्हणून आमचं म्हणणं रोखठोक आहे :

एक, पात्र-अपात्रची कच्ची यादी बस्तीत मराठीतून मोठ्याने वाचा, भिंतीवर लावा, मगच पक्की करा.

दोन, देवनागरीतलं नाव जुळत असेल तर इंग्रजी स्पेलिंगवरून कुणालाही अपात्र करू नका.

तीन, रेशन, मतदार यादी, फोटोपास, सगळं सरकारचंच. सरकारने आपसात ताडून बघावं. झेरॉक्स आमच्याकडे मागू नये.

चार, प्रत्येक नोंदीपुढे लिहिणाऱ्याचं नाव आणि तारीख. दुरुस्ती फुकट आणि मुदतीत. जुनी नोंद पुसायची नाही, रेघ मारून दिसती ठेवायची.

पाच, शंका असेल तोवर छप्पर शाबूत. फैसला नंतर.

हे बीकेसीतल्या गिऱ्हाइकाला रोज मिळतं. आम्ही भीक मागत नाही, तेवढाच हिशोब मागतो. पुढची यादी लागेल तेव्हा एकेकट्याने खिडकीवर जाऊ नका. अख्खी गल्ली घेऊन जा आणि एकच सवाल टाका : हे कुणी लिहिलं?