टक्के ससूनमध्ये, पायऱ्या पेठेत

प्रति,
मा. आयुक्त,
पुणे महानगरपालिका, शिवाजीनगर, पुणे.

महोदय,

अपंगत्वाचा दाखला देणं हे बांधकाम परवानगी विभागाचं काम नाही, असं आपल्या कार्यालयातला कुणीही शिपाई सांगेल. दाखला ससून रुग्णालयात मिळतो. तिथे डॉक्टर सांधे, नजर, कान तपासतात, टक्का लिहितात आणि काही दिवसांनी माणसाच्या हातात यूडीआयडी कार्ड येतं. महापालिकेत मिळतो तो नकाशावरचा शिक्का आणि इमारत पुरी झाल्यावर भोगवटा पत्र. तरीही हे पत्र ससूनच्या अधिष्ठात्यांना न जाता आपल्या टेबलावर येतं आहे, कारण कायद्यानं केलेली दिव्यांगत्वाची व्याख्या नीट वाचली तर तिचा निम्मा भाग आपल्या खात्याचा आहे.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याला 27 डिसेंबर 2016 रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि 19 एप्रिल 2017 पासून तो लागू झाला. त्याआधी 1995 चा कायदा होता. त्यात सात प्रकारांची यादी होती: अंधत्व, अल्पदृष्टी, बरा झालेला कुष्ठरोग, श्रवणदोष वगैरे. माणूस यादीत बसला तर आत, नाहीतर बाहेर. नव्या कायद्यानं यादी 21 पर्यंत नेली. थॅलेसेमिया, हिमोफिलिया, पार्किन्सन, स्वमग्नता, अध्ययन अक्षमता, ॲसिड हल्ल्यातले पीडित असे अनेकजण त्यात आले. वर्तमानपत्रांनी बातमी केली ती या आकड्याची. खरा बदल मात्र व्याख्येच्या वाक्यात होता. शरीर, मन, बुद्धी किंवा ज्ञानेंद्रियं यांतली दीर्घकालीन कमतरता आणि बाहेरचे अडथळे यांची गाठ पडते आणि त्यामुळे माणसाला इतरांच्या बरोबरीनं समाजात वावरता येत नाही, तेव्हा कायदा त्याला दिव्यांग व्यक्ती म्हणतो. पोलिओनं अशक्त झालेला पाय ही एक बाजू झाली. दुसरी बाजू सदाशिव पेठेत पेरूगेटजवळच्या एखाद्या जिन्यात आहे, आणि जिन्याचा नकाशा ससूनमध्ये मंजूर होत नाही.

ही कल्पना भारताची एकट्याची नव्हे. संयुक्त राष्ट्रांनी 13 डिसेंबर 2006 रोजी दिव्यांगांच्या हक्कांचा करार स्वीकारला, भारतानं 1 ऑक्टोबर 2007 रोजी तो मान्य केला, आणि आपला कायदा त्या करारातून आला. व्याख्या आखडती घेतली की काय होतं, ते अमेरिकेनं दाखवून दिलं आहे. तिथल्या दोन जुळ्या बहिणींना वैमानिक व्हायचं होतं. चष्म्याशिवाय नजर फार कमी, म्हणून विमान कंपनीनं त्यांना नाकारलं. त्या न्यायालयात गेल्या, तेव्हा 1999 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की, चष्मा लावल्यावर तुम्हाला नीट दिसतं, तेव्हा तुम्ही अपंगच नाही. विमान चालवायला नजर कमी पडली आणि कायद्याचं संरक्षण मिळायला जास्त झाली! अखेर 2008 मध्ये अमेरिकी संसदेला कायदा दुरुस्त करून व्याख्या पुन्हा रुंद करावी लागली.

आपल्याकडे असा गोंधळ टक्क्यांवरून होतो. कायद्यात दोन वर्तुळं आहेत, मोठं आणि लहान. मोठ्यात दिव्यांग असलेली प्रत्येक व्यक्ती येते, तिथे टक्क्याची अट नाही. लहान वर्तुळ चाळीस टक्के आणि त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्यांचं. सरकारी नोकरीतलं चार टक्के आणि उच्च शिक्षणातलं पाच टक्के आरक्षण त्यांच्यासाठी. समानतेचा हक्क, भेदभावापासून संरक्षण, इमारतीत शिरता येण्याचा हक्क हे सगळं मोठ्या वर्तुळात आहे. व्यवहारात मात्र खिडकीमागचा कारकून चाळीसच्या खाली काही असतं हेच मानत नाही. केंद्रीय लोकसेवा आयोगानंही मानलं नव्हतं. लिहिताना हाताला पेटके येणाऱ्या एका उमेदवाराला आयोगानं लेखनिक नाकारला, कारण त्याचं दिव्यांगत्व ठरलेल्या मापात बसत नव्हतं. 11 फेब्रुवारी 2021 रोजी विकास कुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं ही भूमिका खोडून काढली. वाजवी सोय मागण्याचा हक्क चाळीस टक्क्यांना बांधलेला नाही, असा तो निकाल.

आयोगाचं उदाहरण घेतलं ते मुद्दाम. सदाशिव पेठेचा आजचा धंदा पाहता या कायद्याची परीक्षा दुसरीकडे कुठे इतकी रोज होत नसेल. टिळक रस्ता आणि लक्ष्मी रस्ता यांच्या मधल्या गल्ल्यांमधून फिरलं की विजेच्या खांबांवर, दुकानांच्या शटरवर, वाड्यांच्या दिंडी दरवाजांवर त्याच चिठ्ठ्या दिसतात: कॉट बेसिस, मेस, अभ्यासिका. जळगाव, बीड, नांदेड, सोलापूरहून मुलंमुली एमपीएससीसाठी इथे येतात. सरकारनं त्यांतल्या दिव्यांगांसाठी चार टक्के जागा राखून ठेवल्या आहेत. त्या जागांसाठी अभ्यास करायचा तर खुर्ची-टेबल मिळतं पहिल्या किंवा दुसऱ्या मजल्यावर.

तिथे नेणारा जिना एकदा पाहण्यासारखा असतो. रस्त्यावरून दोन पायऱ्या चढून जोत्यावर यायचं, उंबरा ओलांडायचा, अंधाऱ्या बोळातून डावीकडे वळायचं. लाकडी जिना इतका उभा की वरून दोर सोडलेला असतो, तो धरून चढायचं. वरून कुणी उतरत असेल तर खालच्यानं भिंतीला पाठ लावून उभं राहायचं. अर्ध्या जिन्यात मीटरची पेटी खांद्याला लागते. वर मात्र सगळं झकपक: एसी, वायफाय, फिल्टरचं पाणी, चोवीस तास उघडं. बाहेरच्या पाटीवर यातलं एकूण एक लिहिलेलं असतं. पायऱ्या किती, हे कुठल्याच पाटीवर नसतं.

खासगी जागा, खासगी धंदा, महापालिका काय करणार, असं कुणी म्हणेल तर त्याला कायद्याचं दुसरं कलम वाचून दाखवावं. लोक वापरतात अशी कोणतीही सरकारी किंवा खासगी इमारत ही सार्वजनिक इमारत, असं तिथे म्हटलं आहे, आणि शिक्षणाच्या, व्यवसायाच्या, व्यापाराच्या, सांस्कृतिक कामाच्या इमारती नाव घेऊन मोजल्या आहेत. अभ्यासिका त्यात येते, क्लास येतो, नाट्यगृह येतं, बँक येते. मग कलम 44: सुगम्यतेचे नियम न पाळणाऱ्या नकाशाला परवानगी द्यायची नाही आणि तशा इमारतीला पूर्णत्वाचा दाखला किंवा वापराची परवानगीही द्यायची नाही. कलम 45: जुन्या सार्वजनिक इमारती नियम प्रसिद्ध झाल्यापासून पाच वर्षांत सुगम्य करायच्या. नियम 15 जून 2017 रोजी प्रसिद्ध झाले. मुदत जून 2022 मध्ये संपली, आणि पेठेतल्या जिन्यांना ते कुणी कळवलं नाही.

मध्यंतरी एक पळवाटही होती. त्या नियमांमधल्या पंधराव्या नियमात मानकं होती खरी, पण त्यांची भाषा शिफारशीची. 8 नोव्हेंबर 2024 रोजी राजीव रतुरी खटल्यात तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठानं हा नियम मूळ कायद्याशी विसंगत ठरवला. संसदेनं सक्ती सांगितली असताना नियमानं तिची विनंती करायची नाही, असा त्याचा साधा अर्थ. किमान बंधनकारक नियम तीन महिन्यांत करा, असं केंद्राला बजावण्यात आलं. निकालाला आधार होता हैदराबादच्या नालसार विधी विद्यापीठाच्या दिव्यांग अभ्यास केंद्रानं केलेल्या पाहणीचा.

जुने वाडे शंभर-दीडशे वर्षांचे, त्यांना आता काय करणार, ही अडचण खरी आहे आणि ती हसण्यावारी नेऊ नये. भाडेकरू आणि मालक यांच्या कज्ज्यात अडकलेल्या वाड्यात लिफ्ट बसवा म्हणणं म्हणजे चेष्टा आहे. पण पेठेतले वाडे झपाट्यानं पडत आहेत आणि त्यांच्या जागी पार्किंगवर उभ्या इमारती येत आहेत. त्यांचे नकाशे आपल्याकडेच मंजूर होतात. त्यांत लिफ्ट असते. लिफ्टपर्यंत पोचायला मात्र चार पायऱ्या! बाजूला सिमेंटचा उतार असतो, पण तो स्कूटर चढवण्यासाठी. मानक सांगतं की एक फूट उंचीला बारा फूट लांब उतार हवा. सहा इंचांच्या चार पायऱ्या म्हणजे दोन फूट, म्हणजे चोवीस फुटांचा उतार. प्रत्यक्षात तो सहा-सात फुटांत उरकलेला दिसतो. त्यावरून व्हीलचेअर ढकलायला मागे दोन माणसं लागतात, आणि उतरताना धरून ठेवायलाही दोन. कागदावर मात्र 'रॅम्प' असं लिहिलेलं असतं, आणि शिक्का बसतो.

हा शिक्का बसताना कुणी फीत घेऊन उतार मोजतो का, एवढाच प्रश्न आहे.

आपलं स्वतःचं घरही जवळच आहे. बाजीराव रस्त्यावरचा विश्रामबागवाडा दुसऱ्या बाजीरावानं बांधला, पुढे कित्येक वर्षं पुणे नगरपालिकेचा कारभार तिथून चालला, आणि आज तो महापालिकेच्याच ताब्यात आहे. वारसा वास्तूची मोडतोड करा असं कुणी म्हणत नाही. वरचा मजला ज्यांना गाठता येत नाही त्यांना तळमजल्यावर काय दाखवता येईल, काय ऐकवता येईल, काय हातानं चाचपू देता येईल, याचा विचार मात्र लाकडाला हात न लावताही होऊ शकतो.

जिना कुणाचाही असो, चढता न येणाऱ्याची अवस्था तीच. ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईत खारच्या विवाह नोंदणी कार्यालयात व्हीलचेअर वापरणाऱ्या विराली मोदी यांना स्वतःच्या लग्नासाठी उचलून वर न्यावं लागलं. कार्यालय दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि अधिकारी खाली यायला तयार नव्हते, असं त्यांनी जाहीरपणे लिहिलं. तत्कालीन उपमुख्यमंत्र्यांनी दिलगिरी व्यक्त केली. पण तिथे वाजवी सोय म्हणजे काय होती? एक रजिस्टर आणि एक माणूस दोन मजले खाली येणं. त्याला ना निविदा लागते ना निधी.

फुटपाथचं दुखणं वेगळं. पुणे महापालिकेनं 2016 मध्ये पादचारी धोरण मंजूर केलं, आणि दर 11 डिसेंबरला लक्ष्मी रस्ता काही तास वाहनमुक्त करून पादचारी दिनही साजरा होऊ लागला. चांगलं आहे. उरलेल्या 364 दिवसांत फुटपाथवर दुचाकी चढतात, म्हणून लोखंडी खांब रोवले जातात, आणि खांबांमधून दुचाकी सफाईनं जाते पण व्हीलचेअर अडकते. मुंबईत अशाच खांबांवरून उच्च न्यायालयानं 2023 मध्ये स्वतःहून जनहित याचिका दाखल करून घेतली होती. 29 सप्टेंबर 2024 पासून मंडई आणि स्वारगेटपर्यंत भुयारी मेट्रो आली. स्थानकात लिफ्ट आहे, अंधांसाठी खडबडीत फरशांची वाट आहे. ती वाट स्थानकाच्या दारात संपते आणि पुढे पेव्हर ब्लॉक, ड्रेनेजची झाकणं आणि फ्लेक्सचे पाय सुरू होतात.

2024 च्या पावसाळ्यात पुण्यातल्याच एका प्रशिक्षणार्थी अधिकाऱ्याच्या दिव्यांग प्रमाणपत्रावरून मोठा वाद झाला. त्यानंतर बोलणं फिरलं ते खोट्या कार्डांभोवती, आणि खऱ्या दिव्यांगाकडेही लोक वरपासून खालपर्यंत बघू लागले. कार्ड तपासावं, जरूर तपासावं. तेवढ्याच कसोशीनं इमारतीचा दाखला कुणी तपासल्याचं मात्र ऐकिवात नाही. खोट्या प्रमाणपत्रामुळे एका उमेदवाराची जागा जाते. चुकीच्या भोगवटा पत्रामुळे त्या इमारतीचं आयुष्य असेपर्यंत किती जणांची जाते, याचा हिशेब कुणाकडेच नाही. दंडाचं म्हणाल तर कलम 89 प्रमाणे पहिल्या उल्लंघनाला दहा हजार रुपयांपर्यंत, पुढच्या प्रत्येकाला पन्नास हजार ते पाच लाख. पेठेतला बिल्डर पहिला आकडा ऐकून चहा मागवेल. दुसरा ऐकून कदाचित मिस्त्रीला बोलावेल.

मागणं फार नाही. कसबा-विश्रामबागवाडा क्षेत्रीय कार्यालयाच्या हद्दीत 15 जून 2017 नंतर ज्या इमारतींना भोगवटा पत्र मिळालं त्यांची यादी काढावी आणि प्रत्येकीसमोर तीन गोष्टी जाहीर कराव्यात: रस्त्यापासून लिफ्टपर्यंत पायऱ्या किती, उताराची लांबी किती, लिफ्टच्या दाराची रुंदी किती. जुन्या वाड्यांतल्या अभ्यासिकांना आजच लिफ्ट मागू नये, पण दारावरच्या पाटीवर पायऱ्यांचा आकडा लिहायला लावावा आणि तळमजल्यावर निदान काही टेबलं ठेवायला सांगावं. पाटी लिहिण्याच्या बाबतीत या पेठेला कुणाच्या प्रशिक्षणाची गरज पडणार नाही. अग्निशमन दलाची तपासणी होईल तेव्हाच हीही करावी, कारण दोर धरून चढायचा जिना धुरात उतरायलाही तोच असतो.

पाहणीला निघताना सोबत मोजफीत असावी, आणि व्हीलचेअर वापरणारा एखादा उमेदवार. शक्यतो सकाळी सातच्या आत यावं. आठनंतर फुटपाथवर दुचाक्या लागतात, मग उतार सापडायचाही नाही.

आपला,
सदाशिव पेठेतील एक रहिवासी,
पुणे 411030